विसरून जा

३ मार्च
ती. बाबांस,
सा. न.
वडिलांनी स्वतःच्या घरात काय आणि कसं शिजवावं, हे मुलांनी ठरवावं का? घरातली पहिली पदवीधर असूनही मला उत्तर येत नाही. तव्यावरचं बेकन जळून घरभर धूर झाला, तेव्हापासून दादा तुमची गॅसची शेगडी काढून न्यायच्या मागे लागलाय. मी त्याला म्हटलं, ज्या माणसाने जन्मभर कॅन्टीनमध्ये रांधून आपल्याला शिकवलं, त्याच्या हातातून चूल कशी काढून घ्यायची?

माझं ऐका, बेकन ओव्हनमध्ये करा. मी इथे खोलीवर तसंच करते. ट्रेवर बेकिंगचा कागद पसरा, बेकनच्या, म्हणजे त्या मांसाच्या, पट्ट्या सुट्या सुट्या मांडा, ओव्हन गार असतानाच आत सरकवा, चालू करा आणि विसरून जा. उलटायला नको, अंगावर चरबी उडायला नको. पट्ट्या सरळ आणि कुरकुरीत होतात. जमलं की दादाचं तोंड बंद.
तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
धाकटी

९ मार्च
चि. पंडितीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.
तुझ्या हुकुमाप्रमाणे पट्ट्या मांडल्या, ओव्हन लावला आणि विसरून गेलो. न्हाव्याकडून दाढी करून आलो तर जिन्यातच वास. सगळा कोळसा. पट्ट्या सरळ मात्र होत्या, तेवढं तुझं खरं. शेजारीणबाई म्हणाल्या, शिकलेल्या मुलीचं ऐकलंत ना, आता भोगा.

एक सांगतो, दादाकडे बोलू नकोस. न्हाव्याच्या खुर्चीत ओव्हनची मला आठवणच नव्हती. त्या दिवशी तव्याचंही तसंच झालं. विसरायला तू शिकवायची गरज नाही, पोरी. ते आपलं आपण येतंय.
जेवत जा वेळेवर.
बाबा

१५ मार्च
ती. बाबांस,
सा. न.
पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. ‘विसरून जा’ लिहिताना माझाच शब्द चुकला, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मीही खरंच लिहिते.

दादाला मी सगळं सांगितलं. त्याने तुमच्यासाठी नवा ओव्हन घेतला. तो वेळ संपली की आपोआप बंद होतो. बेकन तुमच्याच हातचं हवं, सुट्टीत खायला येते आहे. आणि काल दादा शेगडी घेऊन गेला, तेव्हा तुम्ही त्याला बरंच बोललात म्हणे. त्याला बोलू नका. न्यायला मीच सांगितलं होतं.
राग ओसरेल तेव्हा लोभ असू द्या.
धाकटी