बाळंतिणीच्या खोलीचं धाबं

॥ श्री खंडेराव प्रसन्न ॥

मौजे बोरदरे, तालुका साक्री, पश्चिम खानदेश
चैत्र वद्य ४, शके १८६०

चि. सौ. ताईबाईस,

झुलालचा आशीर्वाद. इकडे माय, तुझी वहिनी मंदा, मी आणि दीडशे मेंढ्या असे सगळे सुखरूप आहोत. मगनरावांना नमस्कार. तुझ्या सासूबाईंना दोन नमस्कार सांग, एक नेहमीचा आणि एक जादा. त्यांना धीर धरायला सांगायचाय, तेव्हा तो लागणारच.

तुझं पत्र पोचलं. 'सातवा लागायला आला, माहेरचा मुराळी कधी येणार?' असं त्या रोज विचारतात म्हणून लिहिलंस. त्यांना सांग की मुराळी ठरलेला आहे, त्याचं नाव झुलाल आहे आणि तो वैशाखातल्या तिजेच्या, आखाजीच्या सणाच्या आत भुसावळच्या स्टेशनावर उतरतो आहे. मगनरावांना त्या दिवशी रात्रपाळी असली तरी बिघडत नाही, घर मला ठाऊक आहे. आठवा लागल्यावर पोटुशीला प्रवास करू देत नाहीत हेही मला ठाऊक आहे, तेव्हा ते पुन्हा पुन्हा लिहू नकोस.

तुझ्यासाठी आतली खोली तयार करतोय आणि त्याचंच इथे रामायण झालंय. गेल्या पावसाळ्यात त्या खोलीत माय रात्रभर पातेली मांडत बसायची. म्हटलं, बाळंतीण आणि तान्हं मूल तिथे निजणार, तर धाब्याच्या छपरावरची जुनी माती काढून नवी टाकू. चार दिवसांचं काम. चुडामण सुताराला वर चढवला. त्याने माती उकरली, खालचा पाला-काड्या ओढल्या आणि वरूनच ओरडला, "झुलालभाऊ, तुनी तुळई ते उदईनी खाई टाकी!" वर जाऊन पाहतो तर खरंच, वाळवीने पोखरलेली, बोट घातलं की आत जात होतं. इतकी वर्षं आपण काय भरवशावर त्याखाली निजत होतो देव जाणे.

मग नवी तुळई आली. ती यायच्या आधी खांबाखालचा दगड खचलेला निघाला. तो उचलला तर मागच्या भिंतीला पोट आलं. भिंत उतरवायला घेतली तर चुडामणच्या साडूकडे लग्न निघालं. ते आटोपतंय तोवर त्याच्या मेव्हणीकडे निघालं. त्याचे सोयरे इतके आहेत हे आधी कळलं असतं तर मी घर तसंच पडू दिलं असतं! सध्या आम्ही ओसरीवर राहतो आणि आतल्या खोलीतून आभाळ दिसतं.

मेंढरांना या सगळ्याचं सोयरसुतक नाही. कातरणीचे दिवस आहेत, पांझरा नदीला डबकी तेवढी उरलीत, कळप हिलाल आप्पांच्या शेतात खतासाठी बसवलाय. मंदा तिकडे राखायला असते. मी सकाळी धाब्यावर, दुपारी मेंढरांमागे. धाब्यावर असलो की मेंढरांची काळजी, मेंढरांमागे असलो की चुडामण पळाला तर नाही ना याची. परवा जेवताना भाकरी हातात धरून झोप लागली, मंदाने ती काढून घेतली तेव्हा जागा झालो.

तुझ्या आठ मेंढ्या मात्र अंगणात आणून ठेवल्यात. तुझ्या जन्माच्या वेळी आबांनी एका कोकरीचा कान कातरून 'ही माझ्या ताईची' म्हणून कळपात सोडली, तिचाच हा सगळा वंश. तेव्हा मान त्यांचा पहिला. उद्या त्यांचीच आधी कातरणी करतो. त्या लोकरीची बाळासाठी घोंगडी विणायला टाकायचं मायच्या मनात आहे. तुझी ती बांडी म्हातारी झाली, पण गुळासाठी अजून ढुसणी मारते. धाब्यावर घालायची खारी माती दोन गाड्या आणून अंगणातच टाकलीय. नाल्यातली ती पांढरी खारट माती, वर बसली की पाण्याचा थेंब आत येत नाही. तुझ्या मेंढ्यांना तिचा वास लागलाय, सारख्या चाटायला धावतात. मी म्हटलं चाटू दे, या महिन्याचं मीठ वाचलं.

मागच्या खेपेचं मी काही लिहीत नाही. तूही मनात आणू नकोस. या वेळी सगळं रीतसर होईल.

तुझा भाऊ
झुलाल

•

मौजे बोरदरे
वैशाख शुद्ध ८

चि. सौ. ताईबाईस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. आखाजीही होऊन गेली. तुझी दोन पत्रं आली, दोन्ही मिळाली. तू लिहितेस की सासूबाई आता विचारतही नाहीत, नुसत्या दाराकडे बघतात. त्यांनी विचारलेलंच बरं होतं.

काम अजून अडलंय. तुळई बसायची आहे. चुडामण येतो, बघतो, मान हलवतो, जातो. खारी मातीही पुन्हा आणावी लागणार, आधीची मायला पसंत पडली नाही. उघड्या खोलीत तुला आणून काय करू? ऊन केवढं आहे. भुसावळला निदान रेल्वेच्या चाळीत डोक्यावर पक्कं छप्पर आहे.

आखाजीला गावच्या बहुतेक लेकी आल्या. निंबाला झोके बांधले होते, दोन दिवस गाणी चालली. मायने खापरावरची पुरणपोळी केली आणि तुझ्या वाटणीची झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशीही ती तशीच झाकलेली होती.

बांडी कशी आहे, माझ्या आठजणींची लोकर किती निघाली, असं तू दोन्ही पत्रांत विचारलंस. ठीक आहे सगळं. लोकर निघाली. उन्हाळ्यात मेंढ्या जशा असायच्या तशा आहेत. माणसं बाजूला ठेवून मेंढ्यांची इतकी चौकशी कशाला करतेस?

हे वाचून तुला राग येईल. खोडून टाकणार होतो, पण कागद एकच आहे. मी हल्ली सगळ्यांवरच खेकसतो. काल मंदावर खेकसलो, तिने भाकरीचं फडकं माझ्यासमोर ठेवलं आणि सरळ मेंढरांकडे निघून गेली.

माय रोज विचारते, 'पोर कव्हय ई?' तू न येण्याचं मी काहीतरी कारण सांगतो.

सासूबाईंना सांग, आठव्याच्या आत येतो. नक्की दिवस आता लिहीत नाही.

झुलाल

•

मौजे बोरदरे
वैशाख वद्य ९

ताई,

हे पत्र एकटीने वाच. वाचून झालं की मगनरावांना दाखवलंस तरी चालेल, पण आधी तू.

काल दुपारी मी नदीवर मेंढरांना पाणी पाजत होतो. भर उन्हात माय डोक्यावर पदर ओढून चालत आली. हातात तुझं पत्र. एरवी टपालवाला पत्र माझ्या हातात देतो, मी ते वाचतो आणि मायला त्यात नसलेलंच काहीतरी सांगतो. काल मी घरी नव्हतो, तिने त्याच्याकडूनच वाचून घेतलं. 'धाबं नसलं तरी चालेल भाऊ, ओसरीवर निजेन, मेंढरांच्या वाड्यात बाळंत होईन, पण मला ने. मला इथे भीती वाटते.' हे तुझे शब्द तिने टपालवाल्याच्या तोंडून ऐकले.

मी तिला महिनाभर काय सांगत होतो ते ऐक. मी सांगत होतो की सासरचे धाडत नाहीत. मगनरावांना रजा नाही, सासूबाईंना बरं नाही, असं रोज एक. आणि ती बिचारी रोज विचारायची, "त्या धाडतस नही का रे?"

ताई, धाबं पुरं झालंय. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच पुरं होऊन तीन दिवस झाले होते. त्याच खोलीत, नव्या तुळईखाली बसून मी तुला लिहिलं की तुळई बसायची आहे. खोली सारवलेली आहे, बाज आत टाकलेली आहे, मायने जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची चळत कोनाड्यात रचून ठेवलीय. फक्त मी येत नव्हतो.

तुझ्या मेंढ्या मेल्या. आठही. मी मारल्या.

पहिलं पत्र लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी कातरणीला बसलो. तीन कातरून झाल्या आणि चुडामण अचानक उगवला. दोन लग्नांच्या मधली एक दुपार त्याला सापडली होती, म्हणाला तुळई आत्ता चढवली तर चढवली. मी कातर टाकून उठलो. तुझ्या आठजणी खारी मातीच्या ढिगाशेजारी, वाघुरीच्या जाळ्यात तशाच कोंडलेल्या राहिल्या. त्या दिवसभर ती खारट माती खात होत्या आणि मी धाब्यावरून बघत होतो. पाणी पाजायचं राहिलं. संध्याकाळी तुळई तिरकी बसली म्हणून पुन्हा उतरवली, तेव्हाही राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकसारख्या ओरडत होत्या. मी वरून म्हणायचो, थांबा गं बायांनो, आलोच. खांद्यावर तुळईचं टोक होतं, सोडलं असतं तर चुडामणच्या अंगावर गेलं असतं. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण टोक खांद्यावर होतं ते दोन घटका, सबंध दीड दिवस नव्हे.

दुपारी खाली उतरलो आणि दुसरी चूक केली. कुंड भरून एकदम पुढे ठेवलं. इतकं मीठ पोटात गेलेल्या जनावराला पाणी घोट घोट पाजायचं, हे आबांनी मला लहानपणी शिकवलं होतं. त्या पीत राहिल्या, मला बरं वाटलं. दिवस मावळायच्या आत बांडी भिंतीला डोकं लावून उभी राहिली. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं. मग दुसरी, मग तिसरी. सकाळपर्यंत कातरलेल्या तीन आणि न कातरलेल्या पाच, सगळ्या गेल्या. दीडशेतल्या फक्त तुझ्या गेल्या, कारण मी त्यांचा मान ठेवायला गेलो होतो.

मायने तो ढीग बघितला आणि म्हणाली, ही माती माझ्या लेकीच्या डोक्यावर नको. दोन गाड्या माती नाल्यात नेऊन टाकली, दुसऱ्या नाल्यावरून नवी आणली. म्हणून चार दिवस जादा लागले. बस, तेवढेच. पुढचे सगळे दिवस माझ्या तोंड लपवण्यात गेले. मी तुमच्या दारात पोचताच तू पहिलं बांडीचं विचारशील, आणि मला ते तिथेच उभं राहून सांगावं लागेल, एवढ्याच भीतीने मी घरी बसलो.

काल माय काही ओरडली नाही. ओरडली असती तर सोसलं असतं. पत्राची घडी करून तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मेंढ्या गयात ते गयात. मनी पोर कोठे शे?"

आता मागच्या सालचं लिहितो. मी तुला तेव्हा कळवलं होतं की नदीला पूर होता म्हणून मुराळी येऊ शकला नाही. पूर एक दिवस होता, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. मी त्यानंतर आठ दिवस थांबलो. कळपात खुरकूत आली होती, बरीच लंगडत होती, मला सोडून जावंसं वाटेना. म्हटलं, आठ दिवसांनी काय बिघडतं. तेवढ्यात तुला आठवा लागला आणि सासूबाईंनी धाडलं नाही. मग तिथे, मगनराव कामावर असताना, माय जवळ नसताना जे झालं ते झालं. ते मूल माहेरी वाचलंच असतं असं कुणी सांगू शकत नाही. पण तुझ्या उशाशी माय असती. जित्या मेंढ्यांपायी मी मागच्या साली उशीर केला आणि मेलेल्यांपायी या साली करत होतो.

तुला पुराचं खरं वाटलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. साक्रीच्या बाजारचे लोक त्याच दिवसांत धुळ्याला येत-जात होते, ते कुणीतरी तुला सांगितलंच असेल. तरी तू सासूबाईंपुढे पुराचंच सांगितलंस, माझी बाजू राखलीस. या वेळी राखू नकोस. त्यांनी मला विचारलं, इतके दिवस कुठे होता, तर मी त्यांच्या तोंडावर खरं तेच सांगणार आहे.

माझ्या मेंढ्यांतल्या आठजणींचे कान कातरून तुझ्या नावाने सोडतो, असं लिहिणार होतो. मंदा म्हणाली, आधी तिला घरी आणा, मग वाटण्या करा. तिचं खरं आहे. तू येऊन काय ते ठरव, तू नको म्हणालीस तर मी तो विषय पुन्हा काढणार नाही.

अमावस्येनंतर तुला आठवा लागतो, माय बोटांवर दिवस मोजतेय. मी परवा पहाटे निघतो. साक्रीहून मोटारीने धुळे, तिथून चाळीसगावची गाडी, आणि बारशीला भुसावळ. माय म्हणत होती आजच नीघ. मी म्हटलं, पत्र एक दिवस आधी पोचू दे, ताईला रागवायला सवड मिळू दे. कळप मंदा आणि हिलाल आप्पांचा गडी सांभाळतील. दोन-चार लंगडल्या तर लंगडल्या.

मी दारात आलो की माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. बसायला सांगितलं नाहीस तरी चालेल. सबंध वाटेत खिडकीकडे तोंड करून बस, मी पाण्याचा तांब्या शेजारी ठेवेन आणि गप्प राहीन. तेवढी पेटी मात्र भरून ठेव. तुझ्या रागापुढे मी उभा राहीन ताई, पण तू रागाने येणंच नाकारलंस तर मायला जाऊन काय सांगू ते मला सुचत नाही. आता तिला सांगायला माझ्याजवळ एकही खोटं उरलेलं नाही.

ज्याला मुराळी म्हणून निघायला दोन वर्षं लागली, तो तुझा भाऊ,
झुलाल