‘ये’ म्हणणारी आई नव्हती

कोरोनेल बोगादो,
सोमवार, १६ मार्च

प्रिय ब्लासिदाताई,

आई ठणठणीत आहे, तिची जीभ तर त्याहून. मीही बरी. मार्च अर्धा सरला तरी उन्हाळा हटायला तयार नाही, भट्टीपुढे पाच मिनिटं उभं राहवत नाही. तू पवित्र आठवड्यातल्या बुधवारचं तिकीट काढलंस हे वाचल्यापासून तर मला कुठेच उभं राहवत नाही.

हे पत्र बसचा ड्रायव्हर लुसियानो तुझ्या हातात देईल. फोनवरून लिहिलं तर ते दुकानाच्या ऑनलाइन पानावरून, म्हणजे आईच्या नावाने येईल. मला माझ्या अक्षरात लिहायचंय.

पानाची गोष्ट तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर हमरस्त्यावरच्या त्या मोठ्या चिपावाल्यांनी आपल्यासारखेच चीजचे पाव विकायला गणवेशातल्या पोरी बसगाड्यांत चढवल्या आणि आमच्या टोपल्या भरलेल्याच घरी यायला लागल्या. मी फोनवर आईच्या फोटोचं पान उघडलं. रोज गरम चिपांचा फोटो टाकायचे. कुणी ढुंकून बघेना. मग एकीने विचारलं, “एलादियामावशी, हल्ली चीज कमी घालता का?” मी आईच्या नावाने लिहिलं, “अगं हो, चुकलंच. उद्या ये, तुझ्यासाठी वेगळ्या ठेवते.” ती आली, सोबत दोन जावांना घेऊन आली.

तेव्हा मला कळलं की लोकांना नुसती चिपा नको, कुणीतरी नाव घेऊन बोलायला हवं असतं. मी एकालाही उत्तराविना ठेवलं नाही. घाणा करपला तर आपणहून माफी मागितली. कुणाचा नवरा स्पेनला गेला, कुणाची पोर नापास झाली, सगळ्यांची विचारपूस केली. आता बसगाड्या आमच्या दारात थांबतात. आईला वाटतं, मी फक्त फोटो टाकते.

मागच्या आठवड्यात तर गंमतच झाली. एन्कार्नासिओनची एक बाई आली आणि आईच्या गळ्यातच पडली. “मावशी, तुमच्या त्या चार ओळींनी मी सावरले हो!”

आई म्हणाली, “कोण गं बाई तू? बाजूला हो, पीठ लागेल. किती देऊ?”

बाईला वाटलं थट्टा करतायत. खदखदून हसली आणि डझनभर घेऊन गेली. मी मात्र भट्टीमागे जाऊन घाम पुसत बसले.

मुद्द्यावर यायचं टाळतेय, मला कळतंय.

जानेवारीत तू पानावर लिहिलंस, “आई, हमरस्त्यावरच्यांचा गणवेश घालून मी तुझीच चिपा विकली. आपलं बडीशेपेचं आणि चीजचं प्रमाण त्यांना सांगून टाकलं. आठ वर्षं ते मनातून जात नाही. येऊ का गं?” आणि पाच मिनिटांत तुला उत्तर आलं, “ये बाळा. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी पीठ मळायला हात कमीच पडतात.”

ताई, ते मी लिहिलं. आईने तुझं एक अक्षरही वाचलेलं नाही.

काल ती चीज किसत होती तेव्हा हळूच विचारलं, “आई, ताई आली तर?”

“कोण ताई?”

“असं काय करतेस? ब्लासिदा.”

तिचा हात थांबला नाही. “दुकान सगळ्यांना उघडं आहे. गिऱ्हाईक म्हणून आली तर विकेन. रांगेत उभी राहा म्हणावं. भट्टीकडे फिरकायचं नाही.”

“आठ वर्षं झाली गं.”

“त्यांची चिपा अजून आपल्या चवीची लागते ना? मग कसली झाली आठ वर्षं!”

तू केलंस ते वाईटच होतं. तुझा रागही येतो मला. तू निघून गेलीस आणि मी एकटी तिच्या तोंडी सापडले. रोज शंभर अनोळखी लोकांशी मी आई होऊन गोड बोलते, आणि घरात दिवसभरात धड चार वाक्यं होत नाहीत आमची. तुझा निरोप आला तेव्हा आईच्या मनात काय असेल, हा विचार मी केलाच नाही. मला तू हवी होतीस.

रविवारी आईला सगळं सांगणार आहे. ती फोन भट्टीत टाकेल, पान बंद करायला लावेल, कदाचित मलाही हाकलेल. सांगायचं मात्र ठरलंय.

तिने तुला माफ केलेलं नाही, करेल असंही मी लिहून देत नाही. हे कळल्यावरही यायचं असेल तर लुसियानोला नुसतं ‘हो’ सांग. त्या बुधवारी सगळ्या गावाला सणाच्या चिपा हव्या असतात, आई स्वतः विकायला बसते, रांग पार रस्त्यापर्यंत जाते. तू शेवटी उभी राहा. मी ॲप्रन काढून ठेवीन आणि तुझ्या मागे येऊन उभी राहीन. मग आमचं दोघींचं काय करायचं ते तिने ठरवावं.

आईच्या नव्हे, स्वतःच्या नावाने तुला बोलावणारी,
निमिया