पाव आटा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा त्यानं सुई आवळून ठेवली होती. मी पुन्हा सैल केली. पाव आटा, म्हणजे स्क्रूचा पाव फेरा. कुणाला पत्ता नाही!

नवऱ्याचा कारखान्यातला विभाग ऑगस्टमध्ये बंद झाला. वीस वर्षं सुपरवायझर असलेला माणूस घरी बसला. महिनाभर नुसता पलंगावर पडून. मग कुठूनतरी हा रिमोटवरचा ट्रक घेऊन आला. हातभर लांब, पण इंजिन खरं, इंधन जाळणारं. तेव्हापासून माणूस सकाळी उठतो, आंघोळ करतो, मागच्या अंगणात जातो. मला तेवढं पुरे.

कार्ब्युरेटरवर एक पितळी सुई आहे. आत फिरवली की इंधन कमी जातं. गाडी सुसाट, पण इंजिन तापून जळायची भीती. बाहेर फिरवली की इंधन जास्त. गाडी जरा जड, पण जीव शाबूत. याला कायम सुसाट हवं. मी दवाखान्यात व्हेंटिलेटर दुरुस्त करते. यंत्राला हवा कमी पडते की जास्त होते, हे मला शेजारच्या खोलीतून कळतं! त्याला एकदा सांगून बघितलं. "इथे तरी मला करू दे," म्हणाला.

तेव्हापासून सांगत नाही. करते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सासूबाईंनी पकडलं! मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकलेली, आणि मागून आवाज— "अगं, तू काय करतेस तिथे?"

खरं ते सांगितलं. त्या वळून आत निघाल्या. "मी काही पाहिलं नाही. पण त्या भुताचं बोंबलणं कमी करता आलं तर तेवढं बघ."

रविवार, ८ फेब्रुवारी

रिमोटच्या गाड्यांच्या क्लबच्या मैदानावर गेलो होतो. ट्रकमागे निळसर धुराची बारीक रेघ, आवाज कसा भरलेला, गोल! क्लबातले सगळ्यात जुने काका खास चालत आले. "काय लावलंय हो इंजिन! कुठे शिकलात?"

"कुठे नाही. कानानं लावतो," नवरा म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

मी तोंडाला पाण्याची बाटली लावली. नाहीतर हसले असते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज अर्धा आटा सोडावा लागला. किती आवळतो हा माणूस!

शनिवार, २१ फेब्रुवारी

उद्या शर्यत. दुपारी तो सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी तेवढ्यात ट्रक उन्हात काढला आणि चांगला पळवला. मग इंजिनच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला. लगेच उडाला तर इंजिन जास्त तापलंय, नुसता बसून राहिला तर थंड आहे. माझा थेंब तीन अंक मोजेपर्यंत टिकला. जसा हवा तसा! उद्या कुणी हात लावायची गरज नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळी बोटं आखडत होती इतका गारठा. निघण्याआधी तो ट्रकशी बसला. "हवा गार आहे. म्हणजे दाट असणार. सुई जरा सोडतो."

"राहू दे ना. आहे ते उत्तम आहे."

"तुला काय माहीत?"

"मला आवाज बरा वाटला काल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. ऐकलं माझं.

तिसऱ्या फेरीला तो पहिला होता. मग आवाज चढत गेला— बारीक, कोरडा. धुराची रेघ नाहीशी झाली. मी ओरडले, "थांबव!" तोवर ट्रक जागच्या जागी गप्प. पिस्टन जाम.

काकांनी विचारलं, काय झालं? नवरा म्हणाला, "माझंच चुकलं. मीच सुई जास्त आवळली असणार."

सगळ्यांसमोर! आणि मी शेजारी उभी.

सोमवार, २३ फेब्रुवारी

गार हवा दाट. हवा जास्त शिरली की इंधन कमी पडतं. साधी गोष्ट. काल ती त्याला सुचली, मला नाही. मी भर उन्हात लावलेल्या सुईवर बढाई मारत बसले होते.

बुधवार, २५ फेब्रुवारी

तो अंगणात गेलेला नाही. ट्रक पिशवीतच. सासूबाई जेवताना नुसत्या माझ्याकडे बघतात.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सांगून टाकलं. सुई रोज मी फिरवत होते, शर्यतीचीसुद्धा माझीच— सगळं. वाटलं होतं, भडकेल. तो म्हणाला, "म्हणजे गार हवेचं माझं बरोबर होतं!" चक्क हसला. मग हसू गेलं. अगदी शांतपणे विचारलं, "आणखी कशाकशात असा हात घालत आलीस?"

"कशात नाही" म्हणायला मी तोंड उघडलं. मग बोटांवर मोजायला लागले.

बोटं संपली.