तेल म्हणजे पेट्रोल

रविवार, संध्याकाळ. गुरुग्राम.

ट्रायल्स बाइकचं इंजिन जाम झालं. सेकंडहँड घेतलेली, बिनसीटची, खडकांवर उभ्याने चालवायची. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं नाही तर पिस्टन अडकतो. हे मला पाठ आहे.

सकाळी हेल्मेट घालता घालता शेजारच्या भाटियाजींना विचारलं, "तेल डाल दिया?" टाकी त्यांनीच भरून आणली होती. म्हणाले, "हां जी, फुल." मी ऑइलचं विचारत होतो.

अरवलीतला पहिलाच चढ, आणि गाडी बंद. सोबत आलेल्या सगळ्या बाइकवाल्यांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. साठीचा माणूस, मला तोल सांभाळायला शिकवणारा. "आपने तेल ही तो पूछा था," एवढंच बोलले आणि माझ्यासोबत गाडी ढकलत रस्त्यापर्यंत आले.

दिल्लीकडे तेल म्हणजे पेट्रोल. पंधरा वर्षं राहून हे माहीत नव्हतं? घरी मेधा म्हणाली, "अरे, परवा कॅबवाल्याला तूच म्हणालास ना, तेल बाद में भरवा लेना."

ऑइलची बाटली माझ्याच बॅगेत निघाली. सील न फोडलेली.

पिस्टन नवा मिळेल. पण जाताना सॉरी ते म्हणाले. मी हेल्मेटसुद्धा काढलं नाही.