चितायमला पोरांना कुठं न्यायचं

चितायम,
शुक्रवार, २४ फेब्रुवारी १९९५

प्रिय कोकोम तेतेहला,

तुझ्या धाकट्या भावाचा, ओदीचा सलाम. इकडे आपले दोघं म्हातारे, एमा आणि अबा, आणि मी ठीक आहोत. तिकडे सुराबायाला तुझा मास त्रियांतो आणि पोरं, रातीह नि बागस, ठणठणीत असतील असं धरून चालतो.

तुझं पत्र रोजे सुरू व्हायच्या आधीच आलं होतं आणि उत्तर आज लिहितोय. कारणं सांगायची तर खूप सांगता येतील. कागद आणला तर एमानं त्यात मिरच्या बांधून शेजारी दिल्या. पेन आणलं तर ते आमच्या आंगकोत मिनीबसच्या ड्रायव्हरनं पावत्या लिहायला घेतलं आणि गाडीसकट बोगोरला नेलं. (हो, मी सध्या आंगकोतच्या दारात लोंबकळून, ओरडून गिऱ्हाइकं गोळा करतो. लाम्पुंगचं काम सोडलं. ते पुन्हा कधीतरी.) पण खरं म्हणजे मी टाळत होतो. तू विचारलेलं सोपं होतं, त्याच्या शेवटी लिहिलेली एक ओळ अवघड होती.

आधी सोपं घेतो.

तू लिहिलंस, लेबारानची ईद झाल्यावर दुसऱ्या दिवशी येतोय, डेपोकला मासच्या चुलतभावाकडे उतरू, पण त्याचं घर खुराड्याएवढं, दिवसभर पोरांना घेऊन कुठं जायचं? जवळपासचं सांग, स्वस्तातलं सांग. तर ऐक.

पहिलं, रेल्वेचं फाटक. हसू नकोस. रोज्याच्या दिवसांत संध्याकाळ ढकलायला अख्खं गाव तिथल्या बांधावर येऊन बसतं. बोगोरची गाडी आली की पोरं हात हलवतात, ड्रायव्हर भोंगा वाजवतो, एवढाच खेळ, पण फुकट. भजीवाला, बर्फवाला, फुगेवाला सगळे ओळीनं मांडून बसतात आणि स्वतःच्याच मालाकडे बघत आवंढे गिळतात. त्या फुगेवाल्याचा एक भाऊ आहे, तो माकड नाचवतो, मी एकदा त्याच्याबरोबर पार परुंगपर्यंत गेलो होतो आणि माकडानं माझी टोपी... जाऊ दे. बागसला फाटक आवडेल. फक्त एका माणसाचं म्हणणं आहे की तिथं लहान पोरांना नेऊच नये, बांध निसरडा आहे आणि आया गप्पांत रमतात.

दुसरं, हाजी मिऊनचं मासे धरायचं तळं. गळ भाड्यानं मिळतो, मासा लागला तर वजनावर पैसे, नाही लागला तर नुसते गळाचे. तिथली बाई मासा तळून देते, वर मिरचीची चटणी. रातीहला सांगून ठेव की शेजारच्या म्हाताऱ्यांशी बोलायचं नाही, ते मासे पळतात म्हणून खेकसतात. त्या मघाच्या माणसाचं इथंही म्हणणं आहे की काठ ढासळलाय, आणि मिऊन हजला जाऊन आला म्हणून त्याचा तराजू काही जाऊन आलेला नाही.

तिसरं, कमरखाची बाग. आत बसून पोटात मावतील तेवढी फळं खा, पैसे फक्त बाहेर न्याल त्याचे. मी तर म्हणेन यासारखं ठिकाण नाही. पण झाडांवर लाल मुंग्या आहेत. त्या माणसानं परवा लुंगी झटकत अर्धी बाग नाचून पार केली, तेव्हापासून त्याचं बागेबद्दलही मत वाईट आहे.

नव्या घरांच्या वसाहतीपाशी रविवारचा बाजार भरतो. हातानं ढकलायचा लाकडी घोड्यांचा पाळणा असतो. पोरांना घोड्यांवर बसव, पण रंगवलेली कोंबडीची पिल्लं घेऊ नकोस. दोन दिवसांत मरतात आणि मग पोरं रडतात. मी सांगितलं तर म्हणशील तुला काय कळतं, पण हे त्या माणसाचं वाक्य आहे. तो म्हणाला, "कोणीतरी लहानपणी चितायमच्या बाजारातून निळं पिल्लू आणलं होतं, ते मेलं तर आठवडाभर जेवली नव्हती."

आता तुला कळलंच असेल तो माणूस कोण. निळं पिल्लू मी काही आणलं नव्हतं.

तेतेह, तुझी ती अवघड ओळ होती "अबांना कळू देऊ नकोस." ती मला पाळता आली नाही. रोजे सुरू झाले आणि मी दुपारी तळं बघायला निघालो, तर दारातच अबा. म्हणाले, "कुठं उंडारायला?" मी म्हणालो, "जागा बघतोय." "कुणासाठी?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून खरंच बाहेर पडलं. माझ्या तोंडाचं हे नेहमीचंच.

मला वाटलं, आता पुढचे दहा दिवस घरात भांडी आपटणार. अबा आत गेले, चपला घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चल."

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघं. कुठल्याही जागी गेलो की ते काठीनं जमीन टोचून बघायचे, पाण्याचा वास घ्यायचे, संडास कुठं आहे ते विचारायचे आणि म्हणायचे, "इथं नको." तुझं नाव नाही, मासचं नाही. फक्त 'पोरं'. "पोरांना ऊन लागेल." "पोरं पडतील." कुणाची पोरं, ते हवेतच.

घरी एमाला मी रोजचा वृत्तांत द्यायचो. ती म्हणायची, "बोलू नकोस काही. तापलेल्या तव्याला हात लावू नये तसं राहा." मी राहिलो. माझ्या दृष्टीनं हे रोज्यापेक्षा अवघड होतं.

आता कालचं सांगतो. त्यासाठीच खरं तर कागद पुन्हा आणला.

शेवटची जागा राहिली होती ती तरणतलावाची. झऱ्याचं पाणी आहे, तिकीट हजार रुपिया, पोरांना अर्धं, आणि वळणावळणाची सिमेंटची घसरगुंडी. रोज्यात तिथं चिटपाखरू नसतं, कारण नाकातोंडात पाणी गेलं तर रोजा गेला. राखणदार झोपला होता. अबांनी त्याला काठीनं उठवलं आणि विचारलं, "ही घसरगुंडी किती निसरडी आहे?"

तो म्हणाला, "बाबा, घसरगुंडी आहे ती. निसरडी नसली तर लोक भांडतात."

"वळणावर पोर बाहेर फेकलं जाईल का?"

"आजवर नाही गेलं."

"आजवर म्हणजे उत्तर झालं का?" अबांनी टोपी माझ्या हातात दिली. मला वाटलं मला चढवणार. तर स्वतःच जिना चढायला लागले. राखणदार पार घाबरला. "बाबा, रोजा जाईल तुमचा!"

"तोंड मिटून घसरतोय," वरून अबा म्हणाले.

तेतेह, मी शपथेवर सांगतो, आपले अबा, ज्यांना आपण कधी पळतानासुद्धा बघितलं नाही, ते लुंगी पायांत घट्ट धरून, डोळे आणि ओठ मिटून, एखाद्या पोत्यासारखे वळणं घेत खाली आले आणि बदाककन पाण्यात. वर आले ते नाक चिमटीत धरून. मी विचारलं, "कसं आहे?" तर बोटानंच सांगितलं, थांब. आणि पुन्हा जिना चढले. म्हणे पहिल्या खेपेला वळणाकडे नीट लक्ष गेलं नाही.

वळणाकडे त्यांचं बराच वेळ लक्ष जात नव्हतं.

या सगळ्यात वेळेचं भान कुणाला राहणार? बाहेर आलो तर सूर्य नारळांच्या मागं गेलेला. आंगकोत मिळाली, पण भरल्याशिवाय हलेना. मी आमच्या ड्रायव्हरची, त्याच्या आईची, सगळ्यांची नावं सांगून बघितली. वाटेतच मोठ्या मशिदीच्या कर्ण्यातून मगरिबची अजान झाली आणि अबांचा चेहरा पांढरा पडला.

आपली गल्ली तुला माहीत आहे. मोठ्या मशिदीच्या कर्ण्यावर इथं कुणाचा कधीच भरवसा नाही. आपल्या छोट्या मशिदीतला नगारा अबांनी वाजवला की मगच पाण्याचा घोट. तरुणपणापासून त्यांचा एक दिवस चुकलेला नाही, आणि ते असताना दुसऱ्यानं नगाऱ्याला हात लावायची टाप नाही. काल सगळ्या गल्लीला अजान ऐकू आली, सगळ्यांना सूर्य बुडालेला दिसला, आणि तरी सगळे आपापल्या दारात गोड कोलाकचे वाडगे पुढ्यात घेऊन, नगाऱ्याची वाट बघत ताटकळत बसले होते. असा वेडेपणा जगात दुसरीकडे कुणी करेल का?

आम्ही गल्लीत शिरलो तशी मपोक नोनीह ओरडली (समोरच्या घरातली, तोंड अजून तसंच आहे), "अबा, सूर्य बुडून मेला, आता आम्हीही मरतो! माझ्या कोलाकवर साय धरली!"

अबा ओल्या लुंगीनिशी धावले. धावले! नगारा वाजला. मग जरा वेळ नुसता गिळण्याचा आवाज. आणि पोटात गोड गेल्यावर सगळे जमले मशिदीच्या पायरीपाशी.

"भिजलात कसे?"

"तरणतलावावर गेलो होतो," अबा म्हणाले.

आधी कुणाला खरंच वाटेना. मग जे हसले म्हणतेस! मपोक नोनीह म्हणाली, "या वयात? कुणाला दाखवायला?"

मी अबांकडे बघत होतो. त्यांना गप्प बसता आलं असतं. एवढी वर्षं गप्पच होते. लुंगीचा काठ पिळत म्हणाले, "जागा बघायला गेलो होतो. नातवंडं येणार आहेत माझी."

"कुठली नातवंडं?"

"कोकोमची. मला काय दहा मुली आहेत?"

तुझ्या निकाहाला अबा गेले नाहीत आणि त्यांच्या जागी, मुलगी देणारा वली म्हणून, काझीला उभं राहावं लागलं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि त्यांच्यासमोर कुणी तुझं नाव काढत नव्हतं. पहिली मपोक नोनीहच बोलली. म्हणाली, "मग मधल्या खोलीतल्या चटया उन्हात टाका. कुबट वास येत असेल. आणि आमच्याकडची जाडी गादी घेऊन जा, पोरांना टोचायला नको." झालं. एवढंच. लोक घरोघर गेले.

घरी अबा एमाला म्हणाले, "फाटक निसरडं, तळं ढासळलेलं, बागेत मुंग्या. एकही जागा धड नाही. पोरं डेपोकला कशाला? इथंच राहतील. बाहेर न्यायची झाली तर मी नेईन." एमा नारळ खवत होती. वाटी संपली तरी ती करवंटीच खवत राहिली.

मला किती हलकं वाटतंय ते लिहिता येत नाही. सकाळपासून उगाचच गल्लीत येरझाऱ्या घालतोय. चटया मीच उन्हात टाकल्या.

पण तुला अर्धवट सांगून फसवायचं नाही. मासचं नाव त्यांनी अजून काढलेलं नाही. रात्री मी हळूच विचारलं, "आणि जावई?" तर म्हणाले, "मी जिवंत असताना माझ्या जागी दुसरा उभा राहिला," आणि कूस बदलली. राग त्यांना काझीचा नाही, हे मला आता कळतं. मास पहिल्यांदा विचारायला आला तेव्हा यांनी त्याला ओसरीवरूनच घालवलं होतं, "गावोगाव सिनेमाचा पडदा बांधत हिंडणाऱ्याला मुलगी देत नाही." नंतर तो पुन्हा आला नाही, यानं ते जास्त दुखावलेत. नाही म्हणणाऱ्याला वाटतं, अजून एकदा तरी विचारतील. तुम्ही विचारलं नाहीत. यात चूक कुणाची हे मला विचारू नकोस, मी शाळा आठवीत सोडली.

म्हणून माझं ऐक. तू पोरांना घेऊन सरळ घरी ये, मी स्टेशनवर येतो. मासनं पहिले एक-दोन दिवस डेपोकलाच राहावं. वारा बघून मी निरोप देईन. त्याला वाईट वाटेल, पण समजावशील ना?

थांब. बाहेर कुणीतरी सलाम करतंय.

तेतेह, मास आलाय!

एकटाच. खांद्यावर पिशवी, बूट काढून हातात धरलेले, आणि ओसरीच्या खालीच उभा. आत यायचं की नाही ते कळत नाहीये त्याला. मला म्हणतो, "कोकोमला सांगू नकोस, तिला सेमारंगला कामाला जातो म्हणून सांगितलंय. लेबारानच्या आधी एकदा स्वतः येऊन विचारायचं होतं, तेव्हा दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं ते." आणि मी हे तुलाच लिहितोय. रागावू नकोस त्याच्यावर.

अबा आतून बाहेर आलेत. मी खिडकीत बसूनच, कागदाकडे न बघता लिहितोय, अक्षर लागलं नाही तर माफ कर. मास खाली वाकला. अबांनी त्याला बराच वेळ तसंच वाकलेलं ठेवलं. मग त्याच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच काढून घेतली आणि त्याच्या मागं रस्त्याकडे बघत चिडून विचारलं,

"एकटाच आलास? पोरं कुठायत?"

लेबारानची वाट बघू नकोस. पोरांना घेऊन निघ.

तुझा,
ओदी