शेंदूर फासलेले दगड

देवपूरच्या नूर महंमदभाईंना मोजणीची साखळी ओढणाऱ्या अभिमनचा सलाम.

भाई, तुमचा डोळा जाऊन दोन वर्षं झाली. नकाशे काढणाऱ्याचा डोळा!

साक्रीकडच्या त्या डोंगराला भेग पडली होती. काळ्या खडकाखालची तांबडी माती पाण्यानं सुटतेय, हे तुम्हीच मला दाखवलंत. "दरड जिथवर येईल तिथवर दगड मांड, चुना फास. आत कोणी राहायचं नाही," म्हणालात. चुना पावसात धुऊन जायचा, म्हणून मी तेल-शेंदूर फासला. माझी अक्कल!

लोकांनी शेंदूर पाहिला आणि नारळ फोडले. बारा झोपड्या देवाजवळ म्हणून दगडांच्या आत आल्या. माझी बहीण ताईबाईही आली. मी ओरडलो तर म्हणाली, "आठे देव शे भाऊ, आते भ्याव कसाना?" इथं देव असताना भीती कसली, असं तिचं म्हणणं.

श्रावणात डोंगर खाली आला. चिखलातून मी ताईबाईचा हात ओढला, तर नुसता हातच आला.

तुम्ही पाहणीला आलात, तेव्हा लोक कुऱ्हाडी घेऊन उभे होते. "आठे देव कोनी बसाडा?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पण माझं नाव घेतलं नाहीत. मी तुमच्याकडे बोट दाखवलं.

डोळा फोडणारा तो पहिला दगड कुणी मारला ते दिसलं नाही, असं तुम्ही पोलिसांना सांगितलंत. दिसलं होतं, भाई. मी तुमच्यापासून चार हातांवर होतो, आणि त्या दगडाचा शेंदूर माझ्या हाताला लागला होता.

हे पत्र टपालात टाकायची छाती नसलेला,
अभिमन