राईचा सातवा गडी

भाईंदर,
१८ जानेवारी १९६९

तीर्थस्वरूप बाबाजीदादांस बाळारामचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीत तुमचं पत्र आलं, संक्रांतीला तिळगुळाबरोबर दुसरं आलं, आणि मी दोन्हींना उत्तर न देता गप्प बसलो, याची क्षमा असावी. (वेळ नव्हता असं लिहिणार होतो. पण जो माणूस रोज झोपण्यापूर्वी डायरीचं पान भरतो, त्याने असं म्हणणं खोटेपणा होईल.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी अजून कसला तरी लेप लावून तुम्हाला ओटीवर बसवून ठेवतात का? इकडे मंदा खुशाल आहे. माझं कसं काय आहे ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

दादा, मी पंच झालो. लगोरीचा. लहानपणी ज्या खेळात तुम्ही माझ्या पाठीत चेंडू घालून घालून मला हैराण केलंत, त्याच खेळाचा. पौषात भातशेतं मोकळी झाली की राई आणि काशीगाव यांचा सामना होतो. तो कोणी सुरू केला असं विचारलं तर राईचे म्हणतात आम्ही, काशीगावचे म्हणतात आम्ही. याखेरीज इतिहास उपलब्ध नाही. राईचे धर्माजी पाटील घरी आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले, ना राईचे ना काशीगावचे. दोनी गावांनी कबूल केलाय, तुमी बोलाल तो शेवटचा सबूद." मी फुगलो. मंदा आतून म्हणाली, "घरातली भांडणं सोडवता येत नाहीत आणि निघाले पंच व्हायला." मी तिकडे लक्ष दिलं नाही आणि आधी नियमावली लिहून काढली. (मला कोणी सांगितली नव्हती.)

नियम तुम्हाला ठाऊकच आहेत, पण इथे दोन्ही बाजूंना सात-सात गडी. एकाने चिंध्यांचा चेंडू मारून सात ठिकऱ्यांची लगोरी फोडायची, त्याच्या संघाने ती पुन्हा रचायची. दुसऱ्या संघाने रचणाऱ्यांना चेंडू मारून बाद करायचं. शेवटची ठिकरी ठेवणाऱ्याने "लगोरी" म्हणून ओरडलं की जिंकलं. काशीगावचे वरच्या दोन ठिकऱ्यांवर अलगद नेम धरतात, म्हणजे रचायला थोडंच राहतं. राईचे बुडातच घालतात, ठिकऱ्या चौफेर उडतात आणि त्यांच्यामागे समोरचे लोकही पांगतात. शिवाय राईचा एक खास डाव आहे. त्यांचा एक गडी खाडीच्या बांधाआड दडून राहतो. बाकी सहा बाद झाले, काशीगावचे सैल पडले, की तो मागून येतो आणि लगोरी रचतो.

तो गडी धाकू. सात-आठ वर्षांपूर्वी तो असाच बांधाआड गेला, सहा गडी बाद झाले, सगळे वाट बघत राहिले, आणि तो आलाच नाही. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत भरती चढली होती. काही सापडलं नाही. तेव्हापासून राई दरवर्षी सहाच गडी उतरवते आणि सातवा धाकू म्हणून मोजते. काशीगाव हरकत घेत नाही. (मी कारण विचारलं, तर त्यांचा कप्तान रघू म्हणाला, "मास्तर, तुमी अंधार पडल्याव तिकडं उभे ऱ्हाऊन बघा.")

सामन्याच्या आदल्या दिवशी मला कळलं की प्रश्न खेळाचा नाहीच. धाकूची आई रुक्मिणी म्हणते, त्याचे दिवस घाला, त्याला सुटू दे. त्याची बायको पार्वती कुंकू पुसायला तयार नाही. म्हणते, "त्याला चेंडू लागला न्हाय. मंग तो मेला कसा?" आणि दोघींनी मान्य केलं होतं की पंच सांगेल ते खरं. इकडे माझ्या नियमावलीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ज्याला चेंडू लागला नाही तो खेळात आहे, आणि जो खेळात आहे त्याने मैदान सोडायचं नाही.

सामना झाला. ऊन कलताना राईचे सहाही बाद झाले. चार ठिकऱ्या रचलेल्या, तीन पडलेल्या. मी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकू शकलो नाही. नियमाने सातवा शिल्लक होता. मी थांबलो म्हणून काशीगावचेही थांबले आणि एकेक करून सगळे बांधाकडे तोंड करून उभे राहिले. (लगोरीकडे पाठ करायची नाही, हे लहान पोरालाही कळतं.) बांधावर पार्वती उभी होती, तीही आमच्यासारखीच खाडीकडे बघत. वारा पडलेला. मग आमच्या पाठीमागे दगडावर दगड ठेवल्याचा आवाज आला. पुन्हा आला. पुन्हा.

वळलो तेव्हा लगोरी पूर्ण होती. वरच्या तीन ठिकऱ्या ओल्या होत्या. ओरडलं मात्र कोणी नाही. रघूने घाबरून चेंडू फेकला, लगोरीच्या वर, मोकळ्या हवेत. तो अर्ध्यात अडला आणि सरळ खाली पडला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पार्वतीनेही. मी म्हणालो, निकाल राखून ठेवतो. (न्यायाधीश म्हणतात तसं. धर्माजी पुटपुटले, "शिकलेला मानूस बोलावून फायदा काय झाला?")

दुसऱ्या दिवशी पार्वती शाळेच्या दाराशी आली. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "मास्तर, आऊट दिला तर माझा कुंकू जाईल. न्हाय दिला तर तो तसाच चिखलात उभा. थंडीचे दिवस हायेत." आणि गेली. तेव्हापासून मी डायरीत रोज एका बाजूला बाद आणि एका बाजूला नाबाद लिहितो, आणि दोन्ही खोडतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळाराम

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. दादा, आपल्या अंगणात खेळ कसा संपायचा? मला आठवतं, दिवेलागणीला काकू दारातून हाक मारायची, आणि कोण बाद, कोण शिल्लक, काही न बघता आपण घरी जायचो. दुसऱ्या दिवशी कोणी वाद घालत नसे. हा नियमच होता, असं तुमच्या सहीने लिहून पाठवाल का? तुमचं नाव माझ्यापेक्षा जुनं; इथले लोक मानतील.

ता. क. दुसरा. तुमच्या उत्तराची वाट बघणं जमेलसं दिसत नाही. निकाल लागेपर्यंत चेंडू पंचाकडे ठेवायचा असतो. तो माझ्या खाटेखाली आहे आणि अजून वाळलेला नाही. शिवाय मंदाने एक शंका काढली: तिन्हीसांजेला खाडीकडे तोंड करून धाकूचं नाव घेतलं आणि भलतंच कोणी आलं तर पंच काय करणार? याला माझ्या नियमावलीत उत्तर नाही. रुक्मिणीआजीला मी आज विचारून आलो, दिवेलागणीला त्याला घरी यायची हाक तुम्हीच माराल का म्हणून. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंग उद्या एक भाकरी जास्त थापते."

उद्या: दिवेलागणीला आजीला हात धरून बांधावर नेणे.